काठमांडूत व्हॉलंटियर म्हणून चाललाय? पहिला आठवडा असा काढा

काठमांडूला व्हॉलंटियरिंगला जायचं ठरलं की आपल्याकडच्या लोकांचं वाक्य ठरलेलं असतं, "अरे नेपाळच ना, त्यात काय एवढं!" व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत, देवळात महादेव, ताटात वरणभात, हिंदी बहुतेकांना कळतं, मग परदेश कसला. आणि नेमकं इथंच गाडं अडतं. बर्लिनला निघालेला पोरगा सहा महिने आधीपासून व्हिडिओ बघत बसतो आणि काठमांडूला निघालेला विमानात सीटबेल्ट लावल्यावर गुगल उघडतो. शहर दिसायला ओळखीचं आहे पण चालतं स्वतःच्या पद्धतीनं, घड्याळ वेगळं, कॅलेंडर वेगळं, सुट्टीचा वार वेगळा, जेवायच्या वेळा वेगळ्या, आणि हे सगळं एकदम अंगावर येतं.

माझं मत सरळ आहे. पहिल्या आठवड्यात कुणाला मदत करायच्या भानगडीत पडू नका, शहर शिका. ज्या संस्थेत जाताय तिथल्या दिदीला तुमच्या सिमकार्डासाठी, बिघडलेल्या पोटासाठी, चुकलेल्या रस्त्यासाठी रोज पळापळ करावी लागली तर तुम्ही तिचं काम वाढवलंत, बाकी काही नाही. हा लेख त्या आठवड्यासाठी आणि त्याच्या थोडा आधीसाठी आहे.

घरून निघायच्या आधी

कागदपत्रांचं पटकन सांगतो. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक दाखवावं लागतं. आधार कार्ड चालत नाही, १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना तेवढी सवलत आहे. दोन्ही असतील तर दोन्ही न्या, वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. पासपोर्टच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ फोटो भरपूर न्या, तिथं सिमकार्डापासून सगळीकडे फोटो मागतात.

एक गोष्ट परदेशातल्या मराठी मंडळींसाठी. पोरगं अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवर असेल तर ओसीआय कार्डाचा इथं काही उपयोग नाही, त्याला नेपाळचा व्हिसा लागतोच, आणि टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटियरिंग करायला कायद्यानं परवानगी नाही, बिनपगारी असलं तरी. "सगळे करतात" असं एखादी एजन्सी सांगत असेल तर तिथंच थांबा.

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा, पासपोर्ट सेवेच्या साइटवरूनच अर्ज होतो. मुलांशी संबंध येणारं काम असेल तर चांगली संस्था ते मागणारच. डॉक्टरांना भेटून टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि रेबीजच्या आगाऊ डोसबद्दल विचारा. रेबीजचं हसण्यावारी नेऊ नका, काठमांडूत भटकी कुत्री गल्लोगल्ली आहेत, दिवसा गुणी बाळासारखी झोपतात आणि रात्री टोळीनं फिरतात. आणि चावलंच तर जखम आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि काठमांडूतल्या टेकू भागातलं सरकारी शुक्रराज हॉस्पिटल गाठायचं, उद्या बघू म्हणायचं नाही, आगाऊ डोस घेतलेले असले तरी पुढचे घ्यावे लागतात.

बसने जाणारे बहुतेक जण गोरखपूर गाठून सुनौली बॉर्डर ओलांडतात. स्वस्त आहे, पण जून ते सप्टेंबरमध्ये डोंगरातल्या रस्त्यांवर दरडी येतात. जुलै २०२४ मध्ये चितवनच्या सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस थेट त्रिशूली नदीत गेल्या. पावसाळ्यात शक्यतो विमानाने जा, नाहीतर निदान दिवसाची बस धरा.

आणि तारखा. हा मुद्दा आपल्या लोकांच्या बाबतीत हमखास फसतो. आपल्याला मोठी सुट्टी मिळते दिवाळीला, म्हणून बरेच जण ऑक्टोबर-नोव्हेंबरचा प्लॅन करतात. तेव्हा तिकडे दसैं आणि तिहार असतात, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, फक्त दसैं आपल्या दसऱ्यापेक्षा फार मोठा. अर्धं काठमांडू आपापल्या गावी जातं, शाळा बंद, ऑफिसं बंद, संस्थेत एखादा वॉचमन दाजू (दादा) सोडला तर कुणी नाही. सण बघायला जरूर जा, मजा येते, पण काम करायला जाताय तर त्या दिवसांत जाऊ नका.

संस्था कशी निवडायची

इथं जरा थांबून वाचा, कारण बाकी सगळ्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

नेटवर नेपाळ आणि व्हॉलंटियर टाइप केलं की पहिल्या पानावर अनाथाश्रम येतात. गोड पोरं, हसरे फोटो, दोन आठवडे राहा, पोरांशी खेळा, इंग्रजी शिकवा, एवढी एवढी फी. तर वस्तुस्थिती अशी की नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा त्यांतला एक तरी हयात असतो. माओवादी संघर्षाच्या काळात, म्हणजे १९९६ ते २००६, आणि त्यानंतरही, हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलाल पोरं घेऊन यायचे, आई-बापाला सांगायचे की शहरात चांगल्या शाळेत घालतो, पैसे घ्यायचे आणि पोरगं काठमांडूतल्या कुठल्यातरी होममध्ये 'अनाथ' म्हणून जमा करायचे. ही होम्स कुठं जास्त आहेत बघा, काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन, म्हणजे जिथं टुरिस्ट जातात तिथं. गरिबी तर डोंगरात आहे, अनाथाश्रम मात्र विमानतळाजवळ, हे कोडं सोडवायला फार डोकं लागत नाही. पैसे देणारे पाहुणे येत राहतात म्हणून पोरं आणली जातात. म्हणजे तुम्ही भरलेली फी कुणाचंतरी पोरगं घरापासून लांब ठेवायला कामी येते.

म्हणून माझा नियम, मुलं राहतात अशा ठिकाणी थोड्या दिवसांसाठी व्हॉलंटियर व्हायचंच नाही. सगळी होम्स वाईट असतात असं नाही, पण दोन आठवड्यांसाठी आलेल्या अनोळखी माणसाला जे होम पोरांच्या खोलीत जाऊ देतं ते चांगलं असूच शकत नाही. आपल्या पुण्यातल्या एखाद्या वसतिगृहात कुणी नेपाळी पोरगा कॅमेरा घेऊन थेट आत शिरला तर आपण चालवून घेऊ का?

मग काय करायचं? खूप काही आहे. अकाउंट्स एक्सेलमध्ये बसवून देणं, डोनर रिपोर्टचं इंग्रजी नीट करणं, स्टाफला कॉम्प्युटर शिकवणं, वेबसाइट, डेटा एन्ट्री, जनावरांचे शेल्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स असाल तर तुमच्या शिक्षणाचं काम. शाळेत जायचं असेल तर पोरांना डायरेक्ट शिकवण्यापेक्षा शिक्षकाबरोबर बसून काम करणं बरं, तुम्ही गेल्यावर ते टिकतं. भिंत बांधायला, रंग द्यायला जाऊ नका, तिथं रोजंदारीवर काम करणारी माणसं आहेत आणि ती तुमच्यापेक्षा चांगली भिंत बांधतात.

संस्थेला ईमेलवर चार गोष्टी विचारा. जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदणी आहे का आणि समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का. माझी फी कशाकशावर खर्च होणार. माझा रिपोर्टिंग कुणाकडे. आणि मी आलो नसतो तर हे काम कुणी केलं असतं. शेवटच्या प्रश्नाला जी संस्था गोंधळत नाही, सरळ सांगते की आमचा अकाउंटंट करतो पण त्याला वेळ पुरत नाही, तिथं जा. उत्तराऐवजी ब्रोशर आलं तर सोडून द्या.

उतरल्यावर : पहिले दोन दिवस

त्रिभुवन विमानतळ शहरातच आहे. घड्याळ १५ मिनिटं पुढं करा, फोन आपोआप करतो पण मनगटावरचं करत नाही आणि पहिल्याच मीटिंगला पंधरा मिनिटं उशीर म्हणजे "इंडियन टाइम" हा शिक्का बसलाच म्हणून समजा.

सिम घ्या, नेपाल टेलिकम किंवा एनसेल. भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात, निघायच्या आधी रोमिंग चालू आहे ना तपासा. फोनमध्ये व्हायबर टाका, तिथं व्हॉट्सॲपइतकंच व्हायबर आणि मेसेंजर चालतं आणि संस्थेचा ग्रुप बहुधा तिथंच असतो. पठाओ टाका, बाइक आणि टॅक्सी दोन्ही मिळतात, टॅक्सीवाल्याशी भाव करायची कटकट वाचते. आणि हाम्रो पात्रो हे कॅलेंडरचं ॲप टाका, ते का ते पुढं सांगतो.

पैशांचं नीट समजून घ्या. १९९३ पासून दर बांधलेला आहे, भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०. लोक भारतीय रुपयाला 'आईसी' म्हणतात आणि नेपाळी रुपयाला 'एनसी'. कुणी भाव सांगितला की विचारायचं, आईसी की एनसी? यात लाजायचं काही नाही, तिथले दुकानदारही विचारतात. भारतीय १०० पर्यंतच्या नोटा चालतात, पण मोठ्या नोटांचे नियम अधूनमधून बदलत आलेत, त्यामुळे निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघा आणि ५०० च्या गड्ड्या घेऊन जाऊ नका. २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआयही चालतं (हे नेपाळचं फोनपे, आपल्याकडचं जांभळं नव्हे, नाव सारखं असल्यानं सगळे फसतात). तरी सगळ्याच दुकानांत चालेल असं धरून चालू नका, खिशात एनसी ठेवाच. डेबिट कार्डचा इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा.

राहायला पहिल्याच दिवशी ठमेलला जाऊ नका. ठमेल म्हणजे हॉटेलं, ट्रेकिंगची दुकानं आणि रात्रभर म्युझिक, तिथं राहिलं तर काठमांडू कळत नाही. संस्थेला सांगा की ऑफिसपासून चालत जाता येईल अशी खोली किंवा घर बघून द्या. पाटण, कीर्तिपूर, बौद्ध (मोठ्या स्तूपाभोवतीचा भाग) या बाजूंना चांगल्या जागा मिळतात. पत्ता घेताना घर नंबर मागू नका, मिळाला तरी उपयोग नाही. चौक कुठला, टोल म्हणजे वस्ती कुठली, जवळ कुठलं देऊळ, भाटभटेनी सुपरमार्केटपासून किती लांब, असा पत्ता असतो. दोन दिवसांत खोली ते ऑफिस हा रस्ता उजेडात दोनदा चाला, येताना एकदा वेगळ्या गल्लीनं या.

नळाचं पाणी प्यायचं नाही, दातही त्यानं घासू नका. घरोघरी २० लिटरचा जार असतो, त्यातलं पाणीसुद्धा उकळून घेतलेलं बरं, निदान पहिला आठवडा तरी. खोरं सगळ्या बाजूंनी डोंगरांनी बंद असल्यानं हवा आतच अडकते, हिवाळ्यात आणि विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये जंगलांना वणवे लागतात तेव्हा समोरचा डोंगर दिसत नाही, चांगला मास्क पुण्यातूनच घेऊन जा. उंची साधारण १४०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या आसपासच, तेव्हा श्वास लागेल वगैरे भीती नको. थंडी मात्र खरी आहे. जानेवारीत रात्री पारा दोन-तीनवर येतो आणि घरात हीटर नसतात, आत-बाहेर एकच. थर्मल न्या आणि घरमालकिणीकडे सिरक मागा, जाड रजई असते, तिच्यात शिरलं की सकाळी बाहेर पडवत नाही.

वार, तारीख आणि जेवण

शनिवार हा हक्काच्या सुट्टीचा वार. रविवारी आपल्या डोक्यात सुट्टी असते आणि तिकडे बरेच लोक कामाला निघालेले असू शकतात. तुमच्या संस्थेचा रविवार कसा असतो ते आधीच विचारून घ्या आणि आईला सांगून ठेवा की रविवारी दुपारी निवांत व्हिडिओ कॉल होणार नाही.

सरकारी कागदावर, शाळेच्या हजेरीवर, बिलावर तारीख विक्रम संवतातली असते. एप्रिल २०२६ च्या मध्याला तिकडे २०८३ साल सुरू झालं. आपल्याला वाटतं वैशाख, जेठ, असार ही नावं तर माहीतच आहेत, पण त्यांचे महिने सूर्यावर चालतात, आपले चंद्रावर, त्यामुळे कालनिर्णयमधला वैशाख आणि तिकडचा वैशाख एकाच दिवशी सुरू होत नाही. "मीटिंग असोज १५ ला" (असोज म्हणजे त्यांचा आश्विन) असं सांगितलं की मान डोलवू नका, हाम्रो पात्रो उघडा आणि इंग्रजी तारीख समोरच्याला वाचून दाखवा.

जेवणाचं गणित सगळ्यांत जास्त त्रास देतं, खोटं वाटेल पण खरं आहे. आपल्याला सकाळी आठला पोहे, एकला जेवण, पाचला चहा, नऊला जेवण अशी सवय. तिकडे सकाळी उठल्यावर चहा, नऊ-दहाच्या सुमाराला पोटभर दालभात, मग कामाला जायचं, दुपारी खाजा म्हणजे चिउरा (कोरडे पोहे), चाऊमिन, मोमो, समोसा असलं हलकं काहीतरी, आणि संध्याकाळी सात-आठला परत दालभात. सकाळी "इतक्या लवकर भात नको" म्हणून नाही म्हणालात की एक वाजता पोटात कावळे ओरडतात आणि ऑफिसमध्ये सगळे दोन चमचे चिउरा खाऊन खूश असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांच्या वेळेला जेवा, तिसऱ्या दिवशी पोट आपोआप ऐकतं.

ताट काय असतं, तर मध्ये भाताचा डोंगर, वाटीत डाळ, आपल्या वरणापेक्षा पातळ आणि जिंबू नावाच्या डोंगरी पातीच्या फोडणीचा वास, बटाटा-फ्लॉवरची तरकारी, मोहरीचा साग, आणि मुळ्याचं किंवा टोमॅटोचं अचार. कधी गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आमटी, पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं आणि आठवड्यानं आपणच मागतो. वाढणारी आमा थांबत नाही, ताटावर हात आडवा धरून "पुग्यो, पुग्यो" म्हणा, तरी एक डाव येतोच, तो गृहीत धरून आधीचा कमी घ्या. उष्टं-खरकटं ते आपल्यासारखंच पाळतात, बाटली तोंडाला न लावता वरून प्या, आपल्या चमच्यानं भांड्यातलं काढू नका. स्वयंपाकघरात शिरायच्या आधी विचारा. काही घरांत पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघर आणि देवघर बंद असतं, मुलींनी राहायला जायच्या आधीच हे विचारून घ्यावं आणि पटत नसेल तर दुसरी खोली बघावी, तिथं जाऊन वाद घालण्यापेक्षा ते बरं.

शाकाहारी लोकांनो, मोमो मागितले की बऱ्याच ठिकाणी म्हशीचे येतात, बफ म्हणतात. "भेज मोमो" असं स्पष्ट सांगा, आणि सूपमध्ये काय आहे तेही विचारा.

मायक्रोबसमध्ये चढणं

हे शिकलात की शहर तुमचं. मोठ्या हिरव्या साझा बस असतात, सफा टेम्पो म्हणून बॅटरीवरच्या तीनचाकी असतात, त्यांतल्या कितीतरी बायका चालवतात, आणि बाकी सगळीकडे मायक्रो, म्हणजे हायएस व्हॅन. दारात एक पोरगा लटकलेला, "रत्नपार्क-रत्नपार्क-रत्नपार्क" असं एका श्वासात. पाटी वाचायच्या भरवशावर राहू नका, त्याला तुमच्या जागेचं नाव ओरडून विचारा, त्यानं मान हलवली की आत घुसा, डोकं सांभाळा, छत खाली असतं. आत जागा नाही असं तुम्हाला वाटेल, त्याला तसं कधीच वाटत नाही. तो पत्र्यावर थाप मारतो की गाडी हलते. तुमचा स्टॉप आला की मोठ्यानं "दाइ, यहाँ रोक्नुस् न", पुटपुटलात तर पुढच्या चौकात उतराल. भाडं उतरताना द्यायचं, सुट्टे हातात ठेवा, आणि किती झालं हे दारातल्या पोराला विचारण्यापेक्षा शेजारच्या काकूंनी किती दिले ते बघा.

एक गोष्ट तुम्हाला लगेच जाणवेल, हॉर्न कमी. एप्रिल २०१७ पासून काठमांडूत विनाकारण हॉर्नवर बंदी आहे आणि ती बऱ्यापैकी पाळली जाते. सिंहगड रोडवरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कानात दडे बसलेत की काय असं वाटतं. पण शांत आहे म्हणून रस्ता ओलांडताना बेफिकीर राहू नका, बाइकवाले येतातच.

बोलणं-चालणं

हिंदी कळतं, पण हिंदीत सुरुवात करू नका. आधी "नमस्ते दाइ" किंवा "नमस्ते दिदी", मग मोडकंतोडकं नेपाळी, मग समोरचा स्वतः हिंदीत आला तर हिंदी. सगळ्यांशी 'तपाईं', म्हणजे आपलं 'तुम्ही', वापरा, लहान पोराशीसुद्धा, बिघडत काही नाही. लिपी वाचता येत असल्यानं आपण बाकीच्या व्हॉलंटियर्सच्या बरेच पुढं असतो, दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचत फिरा, चार दिवसांत पंधरा-वीस शब्द आपोआप बसतात.

आता जरा टोचणारं. आपल्या सोसायट्यांत नेपाळी वॉचमनला सर्रास 'बहादूर' म्हणतात, त्याचं नाव काय ते दहा वर्षं कुणाला माहीत नसतं. काठमांडूत तुम्हाला असे लोक भेटतील ज्यांचा भाऊ, बाप, नवरा मुंबईत-पुण्यात राहून आलाय आणि त्यांना हे सगळं ठाऊक आहे. मजेतसुद्धा बहादूर, कांचा, गुरखा अशा हाका नकोत. "नेपाळ म्हणजे जवळजवळ भारतच" हे वाक्य तर कौतुकानंही नको. सप्टेंबर २०१५ मध्ये, भूकंपाला पाच महिने होत नाहीत तोच, भारताच्या सीमेवर नाकाबंदी झाली आणि कित्येक महिने पेट्रोल, गॅस, औषधं अडली. भारत सरकारनं आपला हात नाही म्हटलं, नेपाळमध्ये ते फार कुणाला पटलं नाही. लाकडावर स्वयंपाक केलेल्या बाईसमोर तुम्ही या विषयावर भाषण द्यायला गेलेला नाही. कुणी काढलाच विषय तर ऐकून घ्या.

देवळांचं थोडक्यात. पशुपतिनाथाला चामडं बाहेर ठेवायचं आणि मुख्य देवळात फोटो नाही. मागे बागमतीच्या घाटावर चिता जळत असतात, तिथं टुरिस्ट लेन्स लावून बसलेले दिसतील, तुम्ही त्यांत सामील होऊ नका. बौद्धच्या स्तूपाला उजवीकडे ठेवून फिरायचं, संध्याकाळी जा, अख्खा मोहल्ला प्रदक्षिणा घालत असतो.

अडचण आली तर

हे नंबर फोनमध्ये आणि एका कागदावर लिहा: पोलिस १००, ॲम्ब्युलन्स १०२, टुरिस्ट पोलिस ११४४, बाल हेल्पलाइन १०९८. भारताचा दूतावास लैनचौरला आहे, त्याचा इमर्जन्सी नंबर निघायच्या आधी त्यांच्या साइटवरून घ्या.

भूकंपाचं मनात असू द्या पण डोक्यावर घेऊ नका. २५ एप्रिल २०१५ चा धक्का ७.८ रिश्टरच्या घरातला होता, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, दुपारी बाराला थोडा वेळ असताना, शनिवार होता म्हणून शाळा बंद होत्या. घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा, जवळची मोकळी जागा कुठं, बाहेर पडायचा जिना कुठला. त्यांना हा प्रश्न विचित्र वाटत नाही. झोपताना चप्पल, टॉर्च आणि पासपोर्ट एका जागी.

बंद, मोर्चे होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तर तरुणांच्या आंदोलनात दोन दिवसांत सरकार पडलं, सिंहदरबारला, म्हणजे सरकारच्या मुख्य सचिवालयाला, आग लागली, विमानतळ बंद ठेवावा लागला. अशा वेळी रील काढायला बाहेर पडू नका, खोलीत थांबा, घरी आणि संस्थेला मेसेज टाका, आणि म्हणूनच पहिल्या आठवड्यात चार दिवस पुरेल एवढं पाणी, बिस्किटं आणि रोख एनसी खोलीत ठेवायची सवय लावा.

ऑफिसात पहिले दिवस

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऑफिसला जायला लागलात की फक्त बसा. कोण कुणाला काय विचारतं, चहा कोण आणतं, फायली कुठं, निर्णय कोण घेतं. आपल्या लोकांना तासाभरात सुधारणा सुचतात, "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य जिभेवर येतं, ते गिळा. वहीत लिहा आणि दुसऱ्या आठवड्यात परत वाचा, निम्म्या सुधारणा ते आधीच करून सोडून दिलेल्या निघतील. मुलांचे, पेशंटचे फोटो काढायचे नाहीत, संस्थेनं स्वतः काढून दिला तरी तुमच्या इन्स्टावर टाकायचा नाही. पोरांना चॉकलेटं वाटू नका, कुणी वैयक्तिक पैसे मागितले तर कोऑर्डिनेटरला सांगा, परस्पर देऊ नका, दिलेत तर उद्या दारात दहा जण उभे राहतात आणि संस्थेला तोंड द्यावं लागतं.

आठवडा संपताना कोऑर्डिनेटरबरोबर अर्धा तास बसा आणि तीन गोष्टी व्हायबरवर लेखी करून घ्या: रोज किती वाजता ते किती वाजता, माझं काम नेमकं कुठलं, आणि मी कुठल्या तारखेला जाणार. जायची तारीख इंग्रजी आणि संवत दोन्हींत लिहा. शाळेत असाल तर शिक्षकांना आणि वर्गालाही ती आत्ताच सांगा, शेवटच्या दिवशी केक कापून रडारड करण्यापेक्षा. काम पुढं कोण बघणार त्याचं नाव ठरवा आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याला शेजारी बसवूनच काम करा. परतीचं तिकीट दसैंच्या आसपास येत असेल तर ते मात्र त्याच दिवशी बुक करून ठेवा, बस आणि विमान दोन्हींच्या सीटा आधीच भरून जातात.